फळ्यावरचा हुद्दा

भिवा गावडे अकरा वर्षं दुबईतल्या अल कुसैसच्या एका वर्कशॉपमध्ये एसीच्या डक्टचे पत्रे वाहतो. कंपनीच्या कागदावर तो हेल्पर आहे; सावंतवाडीजवळच्या त्याच्या गावात सुपरवायझर. पहिल्या सुट्टीत कुणीतरी विचारलं, त्याने सांगितलं आणि पुढे ते तसंच राहिलं.

मार्चमध्ये आई, सत्यभामा, पक्षाघाताने अंथरुणाला खिळली. तिचं सगळं बहीण कुंदा एकटी करते. अशा रुग्णांच्या घरी रोज चार तास सेविका पाठवणारी सरकारी योजना निघाली होती. कुंदाने अर्ज केला, तो परत आला: कुटुंबाचं उत्पन्न पाच लाखांच्या वर. तलाठ्याने आळीत चौकशी केली होती आणि शेजाऱ्यांनी अभिमानानेच सांगितलं होतं, मुलगा दुबईत सुपरवायझर, वर्षाला बारा लाख तरी कुठे गेले नाहीत.

"दादा, पगाराचा दाखला पाठव, कॉन्सुलेटचा शिक्का मारून," कुंदा फोनवर म्हणाली. "आणि ऐक, मुलाचा हुद्दा, उत्पन्न सगळं पंचायतीच्या फळ्यावर आठ दिवस लावतात. हरकतींसाठी."

भिवाचा पगार चौदाशे दिरहम, म्हणजे तेहतीस हजार रुपये. वर्षाचे चार लाखही होत नाहीत. आकडा नियमात बसत होता. अडत होता तो हुद्दा.

ऑफिसात दाखले याकूब काढतो.

"याकूबभाई, डेझिग्नेशन छोड के बना दो ना."

"हबीबी, उसके बिना वहाँ कौन मानेगा? सुपरवायझर लिख दूँ? फिर सॅलरी भी सुपरवायझर की लिखूँगा."

भिवा हसला नाही.

"हेल्पर लिखो. खलास."

कागद फळ्यावर लागला त्याच्या नवव्या दिवशी त्याने घरी फोन केला.

"हरकत?"

"कुणाचीच नाही. वाचून मात्र बरेच जण गेले."

"सोमनाथ?" गावातल्या सोमनाथला त्याने दुबईत आपल्या हाताखाली लावून घेण्याचा शब्द दिला होता, तीन वर्षांपूर्वी.

"तो दोनदा वाचून गेला. म्हणाला, पासपोर्ट तयार आहे, हेल्परच्या हाताखाली जागा निघाली तर कळव."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, विचारून सांगते." कुंदाला हसू आवरेना. "दादा, सेविका सोमवारपासून सकाळी आठला येणार. ते चार तास मला फोन करू नकोस. मी झोपणार आहे."