जर्मन गायक आणि गच्चीवरचं वानर

रियाधला आल्यापासून माझं जर्मन गंजत चाललं होतं. पुण्यात मी एका क्लासमध्ये ते शिकवायचे. इथे अल मलाझमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते ऐकायलाही कुणी नव्हतं. नवरा बँकेत आयटीत, मुलगी इंडियन स्कूलमध्ये. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका सौदी बाईंचा भाऊ मालिका करत होता आणि त्या मालिकेत एक जर्मन नट येणार होता. त्याचं इंग्रजी जेमतेम, तेव्हा शूटिंगला त्याच्यासोबत कुणीतरी हवं होतं. मी लगेच हो म्हणाले. अबाया घालून, थर्मासमध्ये चहा घेऊन पहिल्या दिवशी सेटवर गेले.

तो नट म्हणजे सत्तरीकडे झुकलेले, उंच, किंचित पोक काढून चालणारे गृहस्थ. काखेत गिटार. ओळख करून देताना त्यांनी आधी सांगितलं, "मी गायक आहे. गाणी लिहितो आणि म्हणतो. नट मला लोकांनी केलं."

सेटवर काम कमी आणि वाट बघणं जास्त. लाइट लागायचे, मग अजान व्हायची, मग सगळं थांबायचं, मग पुन्हा 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला, चला. त्या रिकाम्या वेळात तंबूतल्या कूलरसमोर बसून ते मला आपलं आयुष्य सांगायचे. उत्तरेकडच्या समुद्रकाठी लहानसं बंदर. तिथे जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवारी. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये गाणी. त्यांचं एक गाणं एका उन्हाळ्यात रेडिओवर खूप वाजलं. ते ऐकून कुणा दिग्दर्शकाने त्यांना टीव्हीवर खलाशाची भूमिका दिली, आणि मग भूमिका येतच राहिल्या. पोलिसांचा डॉक्टर, पाद्री, कुणाचा तरी सासरा. रस्त्यात लोक ओळखायचे ते त्या डॉक्टरला. गाणी ऐकायला येणारे थोडे राहिले, पण त्यांच्यासाठी ते दरवर्षी नवी गाणी लिहीत राहिले.

हे सगळं मी घरी येऊन नवऱ्याला सांगायचे. एकदा सांगताना मीच अडखळले. "त्यांचे वडील बेकरीत होते. पहाटे उठून पाव भाजायचे."

"अगं, परवा तर रेल्वेत होते म्हणालीस," नवरा म्हणाला.

खरंच तसं म्हणाले होते मी. मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली असेल. इतक्या वर्षांत जर्मन कच्चं झालंय. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विचारलं. ते सहज म्हणाले, "बाबा? दीपगृहावर होते. रात्रपाळी असायची."

वयस्कर माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? आणि ते खोटं बोलताहेत असं चेहऱ्यावरून तर मुळीच वाटत नव्हतं. पावाविषयी बोलताना त्यांनी बोटांना पीठ लागल्यासारखी ती एकमेकांवर चोळली होती. दीपगृहाचं सांगताना डोळे बारीक केले होते.

एका शुक्रवारी आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलं. शेजारच्या इमारतीतल्या रत्नागिरीच्या काकूही आल्या, कारण घरात गोरा पाहुणा येणार हे मुलीने त्यांना सांगून टाकलं होतं. पाहुण्यांनी वरणभात, बटाट्याची भाजी, पुरणपोळी सगळं मन लावून खाल्लं. काकूंनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला.

"विचार गं त्यांना, मुलंबाळं किती?"

मी विचारलं. ते म्हणाले, "दोन मुली. धाकटी घोडे सांभाळते."

आठवड्यापूर्वी त्यांनीच मला सांगितलं होतं की त्यांनी लग्न केलं नाही आणि मूलबाळ नाही. आता भाषांतर काय करायचं? माझं काम ते बोलतील ते सांगणं एवढंच. मी मराठीत म्हणाले, "दोन मुली." काकू खूश झाल्या. धाकटीचं लग्न झालंय का हेही त्यांनी विचारून घेतलं. त्याचंही उत्तर मी पोचवलं: जावई जनावरांचा डॉक्टर आहे.

ते गेल्यावर मुलीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, इज ही लाइंग?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "लहान मुलांनी असं बोलू नये."

"बट यू डोन्ट नो," ती म्हणाली, आणि निघून गेली.

नंतर मी इंटरनेटवर शोधलं. घोडे सांभाळणारी मुलगी सापडली. एका जुन्या मालिकेत ते ज्या माणसाची भूमिका करत होते, त्याची ती मुलगी. मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच गोंधळायला झालं. म्हणजे ते थट्टा करत होते? की त्यांना खरंच तसं वाटत होतं?

या सगळ्यात मीही त्यांना माझं काहीबाही सांगत होते. रोज ऐकून घेणाऱ्या माणसाला थोडं द्यावंही लागतं. मी त्यांना नाशिकच्या आमच्या गच्चीची गोष्ट सांगितली. आईने कुरडया वाळत घातल्या होत्या आणि मला हातात काठी देऊन राखणीला बसवलं होतं. माझा डोळा लागला. जाग आली तर शेजारी एक मोठं वानर मांडी घातल्यासारखं बसून कुरडया खात होतं. मी ओरडले नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग मीही एक ओली कुरडई उचलून तोंडात घातली. आई येईपर्यंत आम्ही दोघं खात बसलो होतो.

ते खूप हसले होते. पुन्हा सांगायला लावलं होतं.

पुढच्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे कब्सा खात बसले असताना दिग्दर्शकाने त्यांना बालपणाबद्दल विचारलं. ते सांगू लागले आणि मी त्यांच्या शेजारी बसून इंग्रजीत सांगू लागले. आईने छपरावर मासे वाळत घातले होते. मला राखणीला बसवलं होतं. माझा डोळा लागला. जाग आली तर शेजारी एक भलामोठा समुद्रपक्षी.

मी मध्येच थांबले. दिग्दर्शक माझ्याकडे बघत होता. त्यांनीही मान वळवली, पुढे सांग म्हणून. मी पुढचं सांगितलं. पक्षी ओरडला नाही, मीही ओरडलो नाही, आम्ही दोघं मासे खात बसलो. सगळे हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझी गोष्ट माझ्याच तोंडून दुसऱ्याची होऊन बाहेर पडली होती आणि मला राग आलाय की नाही हेसुद्धा मला कळत नव्हतं.

घरी आल्यावर आईला फोन लावला. का लावला सांगता येणार नाही. कुणीतरी माझ्या बाजूने बोलावं असं वाटत असेल.

"आई, ते गच्चीवरचं वानर आठवतंय ना?"

"न आठवायला काय झालं? सगळ्या कुरडया संपवल्या मेल्याने. तुझी ताई शेजारी बसून हसत होती."

"ताई नाही गं, मी."

"तू कुठली? तू पाळण्यात होतीस तेव्हा. ताईने सांगून सांगून तुला पाठ झालंय ते."

मी वाद घातला. ओल्या कुरडईची चव मला आठवते, वानराच्या हाताची काळी बोटं आठवतात. आई म्हणाली, "आठवत असतील. पण होती ताई." ताईला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "मीच होते गं. पण तुला हवं तर ठेव."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी तंबूत त्यांच्यासमोर बसले आणि शेवटी विचारलं, "तो पक्षी खरा होता?"

"खरा म्हणजे?"

"मी तुम्हाला वानराची गोष्ट सांगितली होती."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना काही लपवायचं नव्हतं. ते खरोखर शोधत होते. मग म्हणाले, "हो, सांगितली होतीस. पण मला पक्षी दिसतोय. चोच दिसतेय." त्यांनी गिटार बाजूला ठेवली. "थांब. बहिणीला विचारू."

बहीण त्यांच्याहून मोठी, त्याच गावात राहणारी. फोनच्या पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या बाई दिसल्या. भावाने त्यांना छपराचं आणि पक्ष्याचं विचारलं.

"आपलं छप्पर उतरतं होतं, कौलांचं," त्या म्हणाल्या. "त्यावर मासे कोण वाळत घालील आणि तुला तिथे कोण बसवील?"

"मग पक्षी?"

"पक्षी एकदा आला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत. तू इतका रडलास की आईने तुला कडेवर घेऊन पूर्ण दुपार फिरवलं."

ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आणि बाबा काय करायचे?"

बाईंनी चष्मा काढला. "तू हे दरवेळी विचारतोस. मलाही माहीत नाही. आपल्याला आठवायला लागायच्या आत ते गेले. आईने तुला एक सांगितलं, मला दुसरं. तिचा दिवस जसा असेल तसं सांगायची."

कूलर घरघरत होता. बाहेरून कुणीतरी त्यांच्या नावाने हाक मारली, शॉट तयार होता. फोन बंद करून ते उठले, पण लगेच गेले नाहीत.

"कडेवर घेऊन पूर्ण दुपार," ते म्हणाले. "हे मला माहीत नव्हतं." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मेकअपवाली धावत आली आणि कापसाने टिपू लागली. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट पक्की झाली. मग वाटलं, बहिणीला तरी नीट आठवत असेल कशावरून?

शूटिंग संपलं आणि ते परत गेले. विमानतळावर त्यांनी मला हाताने लिहिलेलं एक गाणं म्हणून दाखवलं. त्यात एक आई होती, कडेवर मूल होतं आणि दुपार होती. ती आई कुठल्या देशातली ते गाण्यात नव्हतं. मी विचारलंही नाही.

मालिका रमजानमध्ये लागली. आम्ही तिघं सोफ्यावर बसून त्यांच्या प्रसंगाची वाट बघत होतो. ते आले, बोलू लागले, आणि आवाज कुणा दुसऱ्याचाच होता. भरदार, खर्जातला अरबी आवाज. ओठ जर्मन हलत होते.

"हा त्यांचा आवाज नाही," मी म्हणाले.

नवरा म्हणाला, "डब केलंय."

मुलगी शाळेत अरबी शिकते. ती पुढे सरकून कान देऊन ऐकत होती. "आई, ही इज सेइंग ही हॅज टू सन्स."

मूळ संवाद मला पाठ होता. त्यात ते ज्या प्रवाशाची भूमिका करत होते तो एकटाच होता, त्याला कुणीच नव्हतं. तिला नीट कळलं नसेल किंवा लिहिणाऱ्यांनी नंतर बदललं असेल. मी जर्मनीला त्यांना मेसेज पाठवला, की मालिका बघितली आणि त्यांना आता दोन मुलगेही झालेत. थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं. मोठा काय करतो, असं त्यांनी विचारलं होतं.