कानबाईच्या रोटाचं दळण

माझी लेक, सुंदर, बोलायला लागली की पहिलाच शब्द घशात अडकायचा. पोपटानं उष्टावलेला पेरू खाल्ला की पोरांची जीभ सुटते, असं आमच्याकडे मानतात. तोही मी करून पाहिला. पोपट धष्टपुष्ट झाला, लेक होती तशीच. शाळेत मोठ्यानं वाचता येत नाही म्हणून तिला पहिलीतच ठेवलेलं, आणि यंदा पुन्हा मागं राहिली तर नाव काढायचं, असं घरात ठरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आते तिले घरमा बसू दे. चूल काय बोलाले लावस का?" देवावरचा माझा विश्वास तेव्हा पार उडाला होता.

श्रावणात घरात कानबाई बसली. देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरच्याच बायांनी जात्यावर दळायचे असतात. त्या साली जाऊबाई विटाळामुळं शिवायच्या नव्हत्या, म्हणून जात्याच्या पलीकडे सुंदर बसली. मी घुश्शातच दळत होते. जातं फिरू लागलं आणि तिनं शाळेतला धडा म्हणायला घेतला, सबंध, कुठेही न अडखळता. माझा हात थांबला तशी ती अडकली. "म... म... माय, दय ना," कशीबशी म्हणाली. मी रडत रडत दळलं. पिठात आसवंही पडली असतील, देवीनं चालवून घेतलं.

पोरांची परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे दिपोटी साहेब खांडबाऱ्याला आगगाडीतून उतरून बैलगाडीनं आले. शाळा मारुतीच्या ओट्यावर भरायची. मी घागर घेऊन समोरच्या विहिरीवर उभी राहिले. सुंदरनं पुस्तक धरलं आणि अडकली. तिचा दुसरा हात जमिनीवर गोल फिरू लागला. गुरुजींनी तो दाबून धरला. माणूस वाईट नव्हता, साहेबांपुढं पोर चाळे करते म्हणून घाबरला. साहेब म्हणाले, "राहू द्या, गुरुजी. फिरू द्या हात." त्या परक्या माणसाला ही बुद्धी कोणी दिली, मला ठाऊक नाही. मी विचारायलाही गेले नाही. ती धडा संपेपर्यंत वाचत राहिली आणि मी रिकामी घागर घेऊन घरी आले.

लेकीची जीभ सुटू दे, एवढंच मी कानबाईकडे मागत आले. ती पुरती कधीच सुटली नाही. नाव मात्र शाळेत राहिलं, आणि पुढं तिनंच मला अक्षरं शिकवली. आताही हे लिहिताना माझं काही चुकलं की ती सांगायला येते आणि मध्येच अडकते. पूर्वी मी घाईनं तिचा शब्द पुरा करायची. आता टाक खाली ठेवते, कानबाईचं नाव घेते आणि तिचा शब्द येईपर्यंत बसून राहते.