अवसेच्या कुर्ल्या आणि माझं सुजलेलं तोंड

सासूने मला जेवणातून करणी घातली, असं मी सासूच्याच ओटीवर उभा राहून, शेजारपाजारचे ऐकतील अशा आवाजात सांगितलं. ओठ तेव्हा इतके सुजले होते की 'करणी' हा शब्द धड उच्चारताही येत नव्हता. तरी तो सगळ्यांना कळला. असले शब्द बरोबर कळतात.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी मालवणात कचेरीत कारकून, सासुरवाडी विजयदुर्गच्या खाडीकाठी. जावयाला जेवायला बोलवायचं म्हणून सासूबाईंनी मुद्दाम अवस धरली होती. कुर्ल्या, म्हणजे आमच्याकडचे खेकडे, खाव्यात त्या अवसेच्या. तेव्हा त्या मांसाने गच्च भरलेल्या असतात, पुनवेला नुसती कवटी फोडत बसायचं. सकाळपासून त्या बाईंनी पाट्यावर वाटप वाटलं होतं आणि जावयाच्या दातांना त्रास नको म्हणून नांग्या स्वतः ठेचून ठेवल्या होत्या. मी तीनदा वाढून घेतलं. लाज कसली ती नव्हती.

हात धुवायला उठेपर्यंत ओठ चुरचुरू लागले. म्हटलं, तिरफळ लागलं असेल. कालवणात तिरफळ नव्हतंच, पण एवढा विचार कोण करतो! मग तळहात खाजले, अंगावर रुपयाएवढ्या गांधी उठल्या, डोळे मिटत गेले आणि छातीत शिट्टी वाजू लागली. सासूबाई धावल्या. आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं, घोंगडीत गुंडाळलं. तासाभराने जरा श्वास मोकळा झाला, आणि त्या मोकळ्या श्वासाचा मी पहिला उपयोग काय केला, तो वर सांगितलाच आहे.

घरी आलो तर आईने उरलेलं काम पुरं केलं.

"अवस होती न्हय? अवसेक जावयाक जेवूक बोलवतत ती माणसां कसली? झिला, तुका कायतरी करून घातलां. त्या घरचां आता पाणीव पिवचां नाय. तू नाय नि तुज्या बायलेनव नाय."

ज्या अवसेला कुर्ली भरते म्हणून बाईंनी माया केली, तीच अवस आमच्या घरात पुरावा ठरली. आजही हे लिहिताना माझे दात करकरतात. कचेरीत कोणी पुराव्याशिवाय बोलला तर मी त्याला दारातूनच परत पाठवत असे. आणि घरी आईपुढे नंदीबैलासारखी मान हलवत बसलो!

यात माझं काय गेलं? काही नाही. गेलं ते बायकोचं. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. त्या वयात मुलीला आईशिवाय दुसरं कोण आठवणार? पोट दिसायला लागलं तशी तिने विचारायला सुरुवात केली. मी नाही म्हणायचो. पुन्हा विचारलं की आवाज चढवून नाही म्हणायचो. एकदा ताट वाढता वाढता ती थांबली.

"माज्या आयेन तुमका इख घातलां म्हणतास. मगे मी तिचांच चेडू ना? माज्या हातचां रोज कसां गिळतास?"

मी कालवणात मीठ कमी आहे असं ओरडलो.

असे महिने गेले. पुढे एकदा आईला बाजारात चांगल्या कुर्ल्या मिळाल्या. "आयेच्या हातचां खा, आंगाक लागात," म्हणत तिने ताटात वाढल्या. माझ्या अकलेचा उजेड पाहा: मी जेवलो. या वेळी ओठ, गांधी, डोळे हे सगळं सावकाश व्हायला वेळच मिळाला नाही. घसा आवळला. मी भिंत धरून खाली बसलो. आईने एकदा टोपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "ह्यां त्यांचांच. त्यांनी घातलेलां अजून पोटात रवलेलां आसा."

जीव जायची वेळ आली होती, आणि तरी मी मान हलवली. होय!

बायकोने कोणाला विचारलं नाही. तसल्या अवघडल्या अंगाने बाजारापर्यंत गेली आणि डॉक्टरांना घेऊनच आली. त्यांनी इंजेक्शन टोचलं, मी माणसात येईपर्यंत बसून राहिले, मग विचारलं, "काय खाल्लंत?"

"कुर्ल्या."

"मागेही झालं म्हणे, तेव्हा?"

"कुर्ल्याच. पण त्या अवसेच्या होत्या."

"त्याआधी कधी? थोडं काही? ओठ चुरचुरणं, खाज?"

"सुंगटं खाल्ल्यावर एकदोनदा गांधी उठलेल्या. पण ते पित्त होतं."

"पित्त होतं हे कोणी सांगितलं?"

"मीच."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, याला अ‍ॅलर्जी म्हणतात. कुर्ली चांगली, रांधणारी चांगली, तिथीही चांगली. तुमचं अंग मात्र तिला शत्रू समजतं. ती पोटात गेली की अंग लढाई पुकारतं: ओठ सुजतात, गांधी उठतात, श्वास कोंडतो. सुंगटं म्हणजे कोळंबी, ती त्याच जातीची, तीही बंद. पुढच्या वेळी याहून जोरात होऊ शकेल, आणि मी वेळेवर पोचेनच असं नाही."

मला संताप आला. दर्यावर जन्मलेल्या माणसाला कुर्ली चालत नाही म्हणजे काय! "डॉक्टर, मी लहानपणापासून खातोय."

"काल अंग खपवून घेत होतं. आज घेत नाही."

"आमच्या सात पिढ्या..."

"त्यांना माझा नमस्कार सांगा. तुम्ही खाऊ नका."

बायको दाराला टेकून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर ती आईकडे वळली. "आये, ह्यो कुर्ल्यो तुमीच रांधल्यात. मगे तुमच्या पोराक कोणी करून घातलां?"

आई टोप उचलून शेजारणीकडे देऊन आली.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला घेऊन एसटीत बसलो. खाडी तरीने ओलांडली. सासूबाई ओटीवरच होत्या. लेकीचं पोट पाहून त्यांनी तिला जवळ घेतलं, आत नेलं, बसवलं. मला "या" म्हणाल्या नाहीत. मी अंगणातच उभा. त्या परत बाहेर आल्या तेव्हा मी घसा साफ केला आणि कचेरीत बोलतो तशा शुद्ध भाषेत सुरुवात केली, "त्या दिवशीच्या प्रकारात आपला काहीही दोष नव्हता. डॉक्टरांच्या मते माझ्या शरीराला कुर्ली सोसत नाही. त्यामुळे आपण गैरसमज..."

"गैरसमज माका नाय झालो," त्या म्हणाल्या. "चेडू हय रवतलां. तुमी परतीची गाडी धरा. तुमका कुर्ली सोसणा नाय, आणि माका तुमी."