भाऊमामांनी नापास केलेला जोड

फोन दुबेजींचा होता. भाऊमामांच्या शेजारी गेली कित्येक वर्षे राहणारे दुबेजी फोनवर आधी हवापाण्याची चौकशी करतात, मग प्रकृतीची, आणि मग कामाचे बोलतात. त्या दुपारी त्यांनी हा क्रम पाळला नाही. "दीदी, भाऊसाब नहीं रहे," ते म्हणाले, आणि माझ्या तोंडून शब्द फुटण्याआधीच घाईघाईने पुढे म्हणाले, "लेकिन आप चिंता मत कीजिए. मशीन का मेन स्विच हमने सबसे पहले बंद कर दिया है."

भाऊमामा जेवून आडवे झाले होते आणि झोपेतच गेले. वेल्डिंगचे मशीन त्या वेळी मागच्या ओसरीवर जाड सुती खोळीत गुंडाळून ठेवलेले होते. मामांच्या जाण्याशी त्याचा किंवा विजेच्या कुठल्याही तारेचा काडीइतका संबंध नव्हता. पण ‘काहीही होवो, आधी मेन बंद, मग बोंबाबोंब’ हा धडा मामांनी सगळ्या गल्लीकडून असा घोटून घेतला होता की दुबेजींच्या दुःखानेही आधी स्विच गाठला आणि मग डोळे. नेपियर टाउनमधल्या माझ्या घरून महाराजपूरला मामांकडे निघालेल्या ऑटोत मी रडत होते, आणि तो स्विच आठवून मध्येच हसतही होते. ऑटोवाल्याने आरशातून एकदा पाहिले, पुन्हा एकदा पाहिले, आणि मग आरसाच किंचित वळवून घेतला...

भाऊमामा हे माझ्या आईचे धाकटे भाऊ. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांची सारी नोकरी तपासनीस म्हणून झाली. दुसऱ्यांनी केलेले लोखंडाचे जोड त्यांनी पाहायचे. भिंगातून न्याहाळायचे, लहान हातोडीने टकटक करून कान लावायचे, आणि मनास न आलेल्या जोडावर लाल खडूने फुली मारून तो परत पाठवायचा. स्वतः त्यांनी आयुष्यात एकही जोड केला नव्हता. मी कवितेच्या वर्गात वाढलेली. मला ते नेहमी एखाद्या करारी समीक्षकासारखे वाटत. स्वतः ओळ लिहायची नाही, पण दुसऱ्याची सैल ओळ सुटू द्यायची नाही! घरीही तीच दृष्टी. पोळीचा काठ, पाहुण्याच्या बुटाची नाडी, दिवाळीच्या करंजीची मुरड... सारे काही त्यांच्या भिंगाखालून जाई. "करंजी फुटली नाही ना, मग झालं," असे मामी म्हणत. "फुटली नाही, हा योगायोग आहे," असे मामा म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांच्या संसारात एक साधी, पण दररोज टोचणारी अडचण उभी राहिली. सुमनमामींचे गुडघे गेले. त्यांच्या घराची पुढची ओसरी उंच, आणि तिच्या पायऱ्याही उंच. संध्याकाळी फाटकापाशी, कडुनिंबाखाली, गल्लीतल्या बायका खुर्च्या टाकून बसतात; मामी मात्र वर ओसरीतच. बोलणे खालून वर जाई, हसणे वरून खाली येई, आणि मधली कुजबुज, म्हणजे जिच्यासाठी माणसे जमतात तीच, वाटेतच विरून जाई. हात द्यायला सगळेच तयार होते. मामींना तेच नको होते. "रोज हात धरून उतरायला मी काय नवरी आहे काय बाप्पा? मला कठडा पाहिजे. मनात आलं की उतरली, मनात आलं की चढली."

पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने तयार कठडा मागवून देण्याची तयारी दाखवली. मामा दुखावले. "बाजारचा जोड? माझ्या घरात? बाजारचे जोड मी पाहिलेले आहेत." आणि त्या आठवड्यात एक आटोपशीर, लाल रंगाचे वेल्डिंग मशीन घरात आले. मामींनी त्याला हळदकुंकू वाहिले. मामांनी लगेच ते कापडाने पुसून काढले. "जाळीतून भुकटी आत जाते. नमस्कार लांबून कर."

यानंतर कठडा सुरू झाला असेल, असे कोणाला वाटेल. सुरू झाली ती तयारी. घरातल्या साध्या प्लगवर मशीन लावणे मामांना मान्य नव्हते. त्यासाठी मीटरपासून वेगळी जाड लाइन आली, तिला तिचा स्वतंत्र स्विच आला, आणि अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणताना मामींची जास्वंद गेली. मीठ आणि कोळसा भरलेल्या त्या खड्ड्याला मामा रोज सकाळी पाणी घालत. लोक तुळशीला घालतात, मामा अर्थिंगला घालत, भाव तोच. ओसरीवरचे पडदे उतरले, काथ्याचे पायपुसणे उठले, रद्दीचा गठ्ठा हलला. ठिणगीवर टाकायला वाळूची बादली आली, आणि ती आपल्यासाठीच ठेवली आहे अशी गल्लीतल्या मांजरीची समजूत झाली. मामांचे आणि मांजरीचे भांडण पुढे बरेच दिवस चालले.

मग कापडाची पाळी. कृत्रिम धाग्यावर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटते, हे मामांनी इतक्या वर्णनासह सांगितले होते की मामींचे जेवण गेले. तेव्हापासून मशीन सुरू असताना ओसरीवर यायचे तर सुतीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मामा फाटकाशी उभे राहून एकेकीचा पदर दुरूनच न्याहाळत होते. "जॉर्जेट? आपण सरळ आत जा. सुती? आपण इथे थांबू शकता." त्या दिवशी मशीन बंदच होते, पण सवय म्हणून.

सर्वांत मोठी शिस्त डोळ्यांची होती. वेल्डिंगचा तो निळसर पांढरा लोळ नुसत्या डोळ्यांनी पाहिला तर कितीतरी तास डोळ्यांत वाळू खुपल्यासारखे होते. म्हणून काळ्या काचेचा मुखवटा खाली ओढण्याआधी मामा खणखणीत आवाजात ओरडत, "आँख!" आणि गल्ली पाठ फिरवी. भाजीवाला पाठ फिरवी, कपडे वाळत घालणाऱ्या बायका पाठ फिरवत, दुबेजी तर वर्तमानपत्रासकट फिरत. नव्याने येणाऱ्या पोस्टमनला हा प्रकार ठाऊक नव्हता. सगळ्यांनी एकदम तोंडे फिरवलेली पाहून बिचारा आपल्याच शर्टाची बटणे चाचपू लागला.

आणि एवढ्या सिद्धतेनंतर मामांनी पहिला जोड केला. मला तो दिवस वासासकट आठवतो... तापल्या लोखंडाचा तो कडवट, जिभेवर नाणे ठेवल्यासारखा वास. हवेत विरत जाणारा करडा धूर. आणि तो आवाज, कढईत मोहरी तडतडावी तसा. स्वयंपाकघरातून मामी ओरडल्या, "करपली! आच कमी करा!" मामांनी मुखवटा वर केला. करंट खरोखरच जास्त होता. त्यांनी तो मुकाट्याने कमी केला. पुढे जोड थंड झाला, भिंग आले, हातोडी आली, टकटक झाली. मामांनी खिशातून लाल खडू काढला आणि स्वतःच्या पहिल्या जोडावर फुली मारली.

दुसऱ्यावर मारली. पुढच्यावरही मारली. आज जोडायचे, उद्या कापायचे, परवा पुन्हा जोडायचे. प्रत्येक कापणीत पाइप थोडा आखूड होई. जस्ताचा मुलामा असलेला पाइप विषारी धूर सोडतो म्हणून मामांनी तो दारातूनच परत पाठवला होता आणि साधा काळा पाइप आणवला होता. तो आता इतका आखडला की कठडा उभा राहिलाच तर बालवाडीला उपयोगी पडला असता. नवा पाइप आला. "अहो, जोड पक्का आहे न?" मामी विचारत. "पक्का आहे. पण लाट सारखी नाही." वितळलेल्या धातूच्या बारीक लाटा एकीवर एक पाकळ्यांसारख्या बसल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. "मी हात लाटेवर ठेवून राहिली की कठड्यावर?" मामी म्हणत. "तुम्ही पास कराल याची वाट पाहता पाहता माझे गुडघेच रिटायर होऊन राहिले." खालच्या कडुनिंबाखालून हसू येई, आणि मामी ओसरीतून त्याकडे मान वाकवून ऐकत राहत. ती मान वाकवणे मला विनोदी वाटत नसे.

एका सकाळी दुधाच्या रांगेत मामांना भोवळ आली. हृदयाचे ठोके अडखळत होते. छातीत पेसमेकर बसला, आणि डॉक्टरांनी सोडताना स्पष्ट बजावले की वेल्डिंग यापुढे बंद. चालू मशीनच्या जवळपासही उभे राहायचे नाही. आजारपणाने जे झाले नाही ते या वाक्याने झाले. मामा गप्प झाले. अर्धवट कठडा लोखंडी घोडीवर तसाच आडवा होता. त्याचा एकच जोड, सर्वांत खालचा, कापायचा राहून गेला होता, आणि त्यावर लाल फुली होती. मशीन विकून टाकावे, असे मामाच एकदा पुटपुटले. "सुमन, तुझं काम राहिलं ते राहिलंच..."

मी तेव्हा समोर चहा घेत होते. मामींनी कपबशी खाली ठेवली. "विकायचं काहून? मला शिकवा."

"तुला? अगं, करंट आहे तो!"

"मग आजवर काय आमरस होता? इतके दिवस पाहून राहिली, ऐकून राहिली. बसून करायचं काम आहे. गुडघे माझे चालायला नापास आहेत, बसायला नाहीत."

मामा विचार करू लागले; आणि आम्हाला कळले की माणूस परत आला. त्यांच्या मनात पहिला प्रश्न उठला तो बायकोला जमेल का हा नव्हता, तर पदराचा होता. सैल पदर ठिणगीपाशी नको. म्हणून जन्मभर साडी नेसलेल्या सुमनमामी भाऊमामांची खाकी पँट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बूट, चामड्याचा एप्रन आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून खुर्चीवर बसल्या. पँटची खालची दुमड मामांनी स्वतः उसवून सरळ केली. दुमडीत ठिणगी साठते. ही वार्ता गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. सगळ्या बायका पाहायला जमल्या. "आँख!" मामी गरजल्या, आणि पँटीतल्या मामींना पाहायला आलेल्या त्या साऱ्या जणी पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

मामा रस्त्यापलीकडे. डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराच्या दुप्पट अंतरावर त्यांनी खडूने रेघ ओढली होती आणि तिच्यामागे ते, दोन्ही हात पाठीशी बांधून, उलटे तोंड करून उभे. पाहायचे नाही, जवळ यायचे नाही, उरले कान. कानांनीच त्यांनी शिकवले. निरोप्याचे काम दुबेजींकडे.

"भाभीजी, भाऊसाब कह रहे हैं, हाथ धीरे."

"त्यांना म्हणा, हात माझा आहे."

"भाऊसाब, भाभीजी कह रही हैं, ठीक है."

जन्मभर क्रोशाच्या सुईने टेबलक्लॉथ विणणाऱ्या त्या बोटांना हे जमणार, हे खरे तर आम्हाला आधीच कळायला हवे होते. टाका आणि टाका, सारख्याच अंतरावर. भिकार, तुटक आवाज काही दिवसांत एकसंध झाला. मोहरी नीट तडतडू लागली. रस्त्यापलीकडची पाठमोरी मान तालावर हलताना मी पाहिली आहे... सुती साडी नेसून, ओसरीवर मशीनकडे पाठ करून उभी असताना.

पाहणीचा दिवस मात्र कोणी विसरणार नाही. मेन बंद झाला, लोखंड निवले, मग मामा रेघ ओलांडून आले. भिंग. हातोडी. टकटक. एकेका जोडावर ते इतके रेंगाळले की काखेत मुखवटा धरून बसलेल्या मामींचा धीर सुटला. "मला पाहायला आले होते तेव्हाही एवढा वेळ नव्हता लागला."

मामा सरळ उभे राहिले. चष्मा पुसला. "चालेल," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता. दुबेजींनी तर दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण लगेच मामांचे बोट खालच्या जोडाकडे, स्वतःच्या जोडाकडे गेले. "हा मात्र कापून पुन्हा कर."

"तो पक्का आहे न?"

"पक्का आहे. देखणा नाही."

"मग राहू द्या. देखणेपण पाहिलं असतं तर मी तुम्हालाच पास केलं नसतं."

मामांनी भिंग खिशात टाकले. कठडा गवंड्याने सिमेंटात बसवला, त्यावर हिरवा रंग चढला, आणि एका संध्याकाळी सुमनमामी कोणाच्याही हाताशिवाय पायऱ्या उतरून कडुनिंबाखाली गेल्या. खुर्चीवर टेकताच त्यांनी विचारले म्हणे, "हं, आता हळू बोला पाहू."

मामांचे दिवस झाल्यावर मुलाने मामींना पुण्याला चलण्याचा आग्रह केला. इथे एकटी कशी राहशील, पायऱ्या कशा उतरशील, असे तो म्हणत असतानाच मामी उठल्या, खाली उतरल्या, फाटकाशी भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी घेतली, वर चढल्या आणि निवडत बसल्या. तो विषय तिथेच संपला.

गेल्या आठवड्यात मी त्यांना भेटून निघाले. वर्षानुवर्षे त्या मला ओसरीतूनच निरोप देत आणि मी फाटकापाशी मान वर करून हात हलवत असे. या वेळी त्या माझ्याबरोबर उतरल्या. कठड्यावरून घसरत चाललेला त्यांचा तळवा शेवटच्या पायरीशी, त्या ओबडधोबड जोडापाशी, थांबला. रंगाखालून तो उंचवटा स्पष्ट लागतो. तिथे लाटा सारख्या नाहीत. मी म्हटले, "मामी, ग्राइंडरने थोडा घासून घ्यायचा का?"

"काहून?" त्या म्हणाल्या. हात तिथेच होता. "यांनी जन्मभर लोकांचं काम परत पाठवलं. यांचं एक मी ठेवून घेतलं."

मी चपलेचा पट्टा लावण्यात उगीच वेळ काढला. मग त्यांनी हात उचलला, आणि कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्याला खणखणीत आवाज देत त्या माझ्या पुढे फाटकाकडे चालू लागल्या.