देवघरावरची वायर

घरमालकिणीनं गच्चीवरून वाकून माझी केबलची वायर अडकित्त्यानं कापली. केबलवाले चाचा शिडीवर उभे, मी खाली शिडी धरून. कापलेलं टोक माझ्या खांद्यावर पडलं.

"ह्या गच्चीखाली आमचं देवघर हाय," ती म्हणली. "तुमची वायर देवाच्या डोक्यावरून जाणार न्हाई."

मी म्हणलं, "काकू, तुमची बी तिथूनच आलीय की."

"आमची गोष्ट येगळी."

जातीचं नाव तिनं घेतलं न्हाई. न घेताच सगळं सांगून झालं होतं.

चाचा खाली उतरले, शिडी आवरली. "बाई, मालक लोक नको म्हणायलेत. मला ह्याच गल्लीत धंदा करायचाय." खाली मान घालून गेले. त्यांना काय बोलणार?

पाथरीत ह्या मालकांच्या घरामागं पत्र्याची खोली हाय. तिथं आमी दोघी, मी अन् माय. मायच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं. जीभ जड झाली, नुसतं "अं, अं" करायची. मी शाळेत खिचडी शिजवायला जाते. जाताना बाहेरून कडी लावते. माय दिवसभर पत्र्याचे खिळे बघत पडून राहते. म्हणून मी जुना टीव्ही आणला. आणला त्या दिवशी मायनं डाव्या हातानं त्याची काच पुसली, परत परत पुसली. त्या काचेत काई दिसावं, एवढंच मला पायजे होतं.

मालक घरी आल्यावर मी हात जोडले. सांगायची लाज वाटते, पण जोडले.

मालक म्हणले, "म्हातारीनं आता देवाचं नाव घ्यावं. कशाला पायजे टीव्ही?" आत त्यांचा टीव्ही मोठ्यानं चालू होता.

मग मालकिणीला दया आली. "बसू द्या तिला अंगणात. खिडकीतून बघंल. ओसरीवर चढायचं न्हाई तेवढं."

अन् मी खूष झाले! खरंच झाले. थू माझ्या जिनगानीवर.

रविवारी दुपारी मायला खुर्चीसकट उचलून खिडकीखाली ठेवलं. उन्हात. मायनं मान वर केली, आतलं बघायली. कुणीतरी गात होतं. मायचं वाकडं तोंड हसलं. किती दिवसांनी हसलं!

तेवढ्यात मालकिणीनं तुरीच्या डाळीनं भरलेलं सूप आणून मायच्या मांडीवर ठेवलं.

"फुकट कशाला बघायचं? खडे निवडा बसल्या बसल्या."

माय एका हातानं निवडायली. मी बी निवडायले. मग आत पाव्हणे आले. मालकिणीनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. आतून गाण्याचा आवाज तेवढा यायला. अन् मालकिणीचा बी: "थांबू नका, निवडत ऱ्हावा."

मायनं पडद्याकडं बघितलं. सुपाकडं बघितलं. डावा हात सुपाखाली घातला अन् उलथून दिलं. सगळ्या अंगणात डाळच डाळ.

मालकीण धावत बाहेर आली. "माजलीय का म्हातारी? गोळा कर गं!"

मी वाकले. सवय. दुसरं काय म्हणू? दोन मुठी गोळा बी केल्या. तर मायनं माझा पदर धरला. असा धरला की मला सरळ व्हावं लागलं.

"नगं," माय म्हणली. स्पष्ट. आजारपणानंतरचा तिचा पयला शब्द.

मुठीतली डाळ मी तिथंच टाकली. अन् इतके दिवस डोक्यात न आलेलं तोंडातून आलं.

"काकू, खोली देताना तुमी काय अट घातली? भाडेकरूनं गच्ची झाडायची. तुमच्या कुरडया वाळतात त्या गच्चीवर मी रोज सकाळी अनवाणी फिरते. देवघराच्या बरोब्बर वर. झाडायला माझे पाय चालतात, अन् बोटाएवढ्या वायरीनं देव बाटतो व्हय?"

तेवढ्यात ओसरीवर येऊन मालक ओरडले, "उद्याच्या उद्या खोली खाली कर!"

"करारावर तुमची सही हाय. मुदत सरंपर्यंत न्हाई हलत. आज हलकं बोललात, उद्या हात लावून बघा."

मी वकिलाकडं गेले. ते म्हणले, पाणी-वीज तोडता येत न्हाई मालकाला. केबलचं तेवढं सोपं न्हाई, भांडावं लागंल. म्हणलं, भांडते. कोर्टात अर्ज दिलाय. निकाल काय लागंल, ठावं न्हाई.

टीव्ही अजून काळाच हाय. मायच्या उशाशी ठेवलाय, झाकलेला न्हाई. मालकीण येता-जाता घालून पाडून बोलते. दुसरं घर बघायलेय, अन् तिथं बी आधी वायरीचं विचारते, मग भाड्याचं. दोन ठिकाणी हाकललं. विचारायचं सोडलं न्हाई.

इथली गच्ची मी त्या दिवसापासून झाडली न्हाई. चिंचेचा पाला साचलाय, कबुतरांची घाण साचलीय. कुरडया घालायचे दिवस आलेत. काल मालकिणीनं झाडू आणून माझ्या दारात टाकला.

मी तो उचलला, तिच्या ओसरीवर चढले अन् देवघराच्या उंबऱ्याला टेकवून आले.

"आधी वायर," म्हणलं.