एक जागा, दोघी

खळ दिलेल्या सुती साडीवर पाण्याचे शिंतोडे मारून मी आज सकाळी इस्त्री टेकवली आणि त्या उष्ण, ओलसर वासासरशी यवतमाळच्या हॉस्टेलमधली आमची खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. समाजकार्याच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष होतं. मुंबईतल्या एका नावाजलेल्या संस्थेत इंटर्नशिपची एकच जागा होती आणि ती वर्गात सगळ्यांनाच हवी होती. मी बोरी अरबची, माझी खोलीतली मैत्रीण फुलसावंगीची. रोज संध्याकाळी ती मला मुलाखतीचे प्रश्न विचारी, मग मी तिला. आपण एकमेकींनाच हरवायची तयारी करतो आहोत, हे मनात येई आणि दोघींना हसू फुटे. मुलाखतीच्या दिवशी पाळीपाळीनं साड्यांना इस्त्री केली आणि एकाच एस.टी.नं नागपूरला गेलो.

कापसाची फार वाईट वर्षं होती ती. यवतमाळ म्हटलं की समोरच्याचा आवाज आपसूक खाली येई, जणू आम्ही मयताच्या घरून आलो आहोत. त्याच जिल्ह्यात माणसं हसतात, लग्नं लावतात, मुली परीक्षेला बसतात, हे बाहेर कुणाला खरंच वाटत नसे.

तिला आधी बोलावलं. बाहेर आली ती सरळ माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "पयले कापसाचंच इचारतात. मी रडकंच सांगत बसली, मंग काही सुचलंच नाही. तू तसं नको करू. गावात बाया काय करून राह्यल्या, ते सांग."

ती गप्प राहिली असती, तरी तिला कुणी नावं ठेवली नसती.

मी तसंच सांगितलं. मुलाखत छान झाली. पण का कोण जाणे, निवड तिचीच झाली. बातमी सांगताना तीच ओशाळली होती.

"तुले राग आला काय वं?"

"नाही. मले भूक लागली."

कोपऱ्यावरच्या गाड्यावर आम्ही गरम आलूबोंडे खाल्ले. वाईट वाटत होतं, आणि आनंदही होत होता. त्या वयात दोन्ही एकाच घासाबरोबर गिळता येतं.

ती मुंबईला गेली. मला इंटर्नशिपसाठी आमच्याच जिल्ह्यातलं झरी जामणीकडचं एक गाव मिळालं. तिथल्या कोलाम आदिवासी बाया त्यांची कोलामी बोलत. माझे उच्चार ऐकून पोट धरून हसत. चार शब्द मला नीट यायला लागले, तेव्हा कुठे त्या मनातलं बोलू लागल्या. परतायची वेळ आली, तेव्हा माझाच पाय निघेना. पुढची कितीतरी वर्षं मी त्याच भागात काम केलं. मुंबईची जागा आपल्याला हवी होती, हे मला मुद्दाम आठवावं लागे.

आता मी शिकवते. मुलाखतीच्या दिवसांत मुली येतात, "मॅडम, माझं होईल का?" म्हणून विचारतात. मला ते ठाऊक नसतं आणि मी तसं सांगतेही. मग एवढंच विचारते, "सोबत कोण जातंय?" विचारणारी वळून पाहते. बहुतेक वेळा दाराशी कुणीतरी उभं असतंच.