नळ्या साफ निघाल्या

आमच्या टोंगा बेटांवर बायका लांब ओंडक्यापाशी ओळीने बसून झाडाची साल मोगरीने कुटतात, त्याचंच कापड होतं. माझ्या डाव्या हाताला लूसेआने नावाची बाई बसायची. विधवा, पण कामाला वाघ. मागच्या वर्षापासून कुटता कुटता तिच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, कळ जबड्यापर्यंत चढायची आणि मोगरी थांबायची. एकीची थांबली की साऱ्यांचा ताल चुकतो. मग तिची आत्या ओफा म्हणायची, "काम दिसलं की तुझ्या छातीला बरोबर कळतं गं." आमच्यात बापाच्या बहिणीपुढे भाचीने तोंड उघडायचं नसतं.

शेवटी भावाने तिला ऑकलंडला नेलं. तिथे मनगटातून नळी घालून हृदय बघितलं. रक्ताच्या नळ्या साफ, कुठे काही अडकलेलं नाही. हा निरोप गावात तिच्या आधी पोचला. आत्याने लगेच ठरवून टाकलं, देवानेच नळ्या धुतल्या. चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झाली, डुक्कर भाजलं, आणि लूसेआनेला सगळ्यांपुढे उभं करून 'मी बरी झाले' असं म्हणायला लावलं. ती म्हणाली. करते काय?

डॉक्टरीण पुढेही बोलली होती, ते तिने फक्त मला सांगितलं. मोठ्या नळ्या चांगल्या आहेत, पण यंत्रातही न दिसणाऱ्या बारीक नळ्या आवळतात, दुखणं खरं आहे. जिभेखाली ठेवायला गोळ्या दिल्या होत्या. त्या ती चुलीच्या धुराआड चोरून घ्यायची, जणू दारूच पितेय.

मग आत्याच्या नातवाचं लग्न ठरलं, त्याचं कापड कुटायला आम्ही बसलो. एका दुपारी लूसेआनेचा चेहरा राखेसारखा झाला, घामाने भिजली. हात खिशाकडे गेला. आत्या समोरच होती.

"देवाचं काम अर्धवट राहिलं होतं का?" आत्याने विचारलं.

"देवाचं मला माहीत नाही, आत्या. छाती माझी आहे." असं म्हणून तिने सगळ्यांदेखत गोळी जिभेखाली ठेवली.

थोड्या वेळाने ती सावरली. आत्या मात्र उठून गेली ती लूसेआनेच्या घरची पायरी पुन्हा चढली नाही. लूसेआनेला लग्नाचं बोलावणं आलं नाही. देवापुढे खोटी साक्ष दिली म्हणून बायका चर्चमध्ये तिच्यापासून लांब बसायला लागल्या. एखादी नळी खरोखर बुजली असती, तर ह्याच बायका मासे नि रताळी घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या असत्या.

मी अजून तिच्याच बाकावर बसते. ऐसपैस जागा असते.